वृंदगानाचा दौरा बसने करताना: पुणे ते पणजी

तीसेक गाणारी माणसे, दोन तबलावादक, एक पेटीवादक आणि दोन तानपुरे घेऊन पुण्याहून कोल्हापूर, सावंतवाडी आणि पणजी असा चार दिवसांचा दौरा करावयाचा असेल, तर आखणीची सुरुवात सभागृहांपासून न करता बसपासून करावी, असे अनेक दौऱ्यांनंतर माझे ठाम मत झाले आहे. कार्यक्रम दोन तासांचा असतो. त्याआधी मंडळी पाच-सहा तास बसमध्ये काढतात, आणि संध्याकाळी रंगमंचावर आवाज कसा लागेल हे बरेचसे त्या पाच-सहा तासांवर ठरते.

बस ठरवताना माणसे मोजून तेवढ्याच आसनांची गाडी घेण्याची चूक करू नये. पस्तीस माणसांसाठी पंचेचाळीस आसनांची गाडी घ्यावी, कारण तानपुऱ्यांना जागा लागते, आणि कोणाला बरे वाटेनासे झाले तर आडवे होण्यासाठी मागचे बाक मोकळे असावे लागते. खासगी गाडीखेरीज एसटीच्या प्रासंगिक कराराचाही, म्हणजे एखाद्या कार्यक्रमापुरती एसटी भाड्याने घेण्याचाही, पर्याय असतो. त्यासाठी जवळच्या आगारात आधी चौकशी करून दर, अनामत रक्कम आणि परराज्यात जाण्याविषयीच्या अटी समजून घ्याव्यात. गाडी कोणतीही असो, संपूर्ण मार्ग लेखी द्यावा. कोल्हापूरहून निपाणी, आजरा, आंबोली असे सावंतवाडीला जायचे ठरले, तर रस्ता काही अंतर कर्नाटकातून जातो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गोवा तर पुढे आहेच. म्हणून तिन्ही राज्यांत चालणारा परवाना आणि करांच्या पावत्या निघण्यापूर्वी स्वतः पाहाव्यात.

चालकाच्या विश्रांतीचा विचार वेळापत्रकात पहिल्या ओळीवर असावा. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ नुसार (त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने घेतली) सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक काम नाही आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, अशी मर्यादा होती. रात्री कार्यक्रम संपल्यावर लगेच पुढच्या गावी निघण्याचा मोह टाळावा. एक मुक्काम वाचतो, परंतु चालक अर्धवट झोपेत गाडी चालवतो आणि गाणाऱ्यांचे घसे दुसऱ्या दिवशी उठतच नाहीत.

आता वाद्यांविषयी, कारण खरे नुकसान तिथेच होते. पेटीचा भाता खटके लावून बंद करावा आणि पेटी नेहमी बसते तशीच, सपाट ठेवावी. उभी किंवा कुशीवर ठेवू नये. तानपुऱ्याच्या तारा थोड्या सैल कराव्यात, गवसणीच्या आत भोपळ्याभोवती जुनी गोधडी गुंडाळावी आणि तानपुऱ्याला प्रवाशाप्रमाणे आसन द्यावे. तबला-डग्गा आणि त्यांच्या चुंबळी सामानाच्या कप्प्यात टाकण्यास मी एका दौऱ्यात संमती दिली होती. ऑक्टोबरअखेरचा परतीचा पाऊस होता, कप्प्याच्या झाकणातून पाणी झिरपले, आणि सावंतवाडीत गवसणी उघडली तेव्हा पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचे कातडे, ओल्या पापडासारखी मऊ लागत होती. आमच्या वादकाने सूर चढवण्यासाठी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे शेवटपर्यंत ठोकले, तरी तबला पेटीच्या सुराला पोहोचला नाही. अखेर स्थानिक भजनी मंडळाने आपला तबला दिला आणि कार्यक्रम पार पडला. तेव्हापासून वाद्ये माणसांबरोबर वरच असतात, आणि दुसऱ्या तबल्याची जोडी सोबत घेतल्याशिवाय आम्ही निघत नाही. पाऊस नसतानाही कोकणच्या दमट हवेत पुडीचा सूर उतरतो आणि वातानुकूलित सभागृहात पुन्हा चढतो. यासाठी वाद्ये रंगमंचावर निदान तासभर आधी उघडून ठेवावीत, आणि अखेरचे सूर मिळवणे रंगमंचावरचे दिवे लागल्यावर करावे.

आवाजाच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका गप्पांचा आहे. इंजिनाच्या घरघरीवर मात करण्यासाठी माणूस नकळत आवाज चढवून बोलतो, आणि दोन तास असे बोलणे घशाला मैफलीपेक्षाही जड जाते. आमच्याकडे म्हणून जेवणानंतरचे दोन तास मौनाचे असतात. अंताक्षरी जाताना बंद. नव्या मंडळींना हा नियम प्रथम जाचक वाटतो, पण पहिल्या कार्यक्रमानंतर त्याविषयी तक्रार राहत नाही. वातानुकूलनाचा झोत थेट तोंडावर येऊ देऊ नये, कोमट पाणी घोट-घोट पीत राहावे, आणि दर दोन तासांनी गाडी थांबवावी. ज्येष्ठ मंडळी थांबा नसेल तर पाणीच पिणे सोडतात, हे आयोजकाने ओळखून असावे.

ज्यांना गाडी लागते त्यांची नावे आधीच घेऊन पुढच्या रांगा त्यांच्यासाठी राखाव्यात. घाटापूर्वी हलके खाणे, समोर लांबवर नजर आणि तोंडात आलेपाकाची वडी एवढ्यावर बहुतेकांचे भागते. उलटीवरच्या काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते व गुंगी येते, म्हणून त्या आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि गाण्याच्या वेळेपासून दूर घ्याव्यात.

आंबोली सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे आणि तेथून सावंतवाडीपर्यंतच्या तीसेक किलोमीटरांत गाडी बरीच खाली उतरते. कानांत दडे बसतात, आणि दडे बसलेल्या कानांना स्वतःचा सूर नीट कळत नाही. जांभया द्याव्यात, आवंढे गिळावेत, आणि सावंतवाडीला पोहोचल्यापासून तालमीपर्यंत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. एकदा पुढे ट्रक बंद पडल्यामुळे आंबोली घाटाच्या तोंडाशी आमची गाडी दीड तास अडकली. धुके इतके होते की पाच हातांवरचे झाड दिसत नव्हते. कंटाळलेल्या मंडळींना मी खाली उतरवले, एक तानपुरा गवसणीतून काढला, आणि सर्वांना तोंड मिटून फक्त खर्जातला षड्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला ‘सा’, धरावयास सांगितला. समोरचा माणूस दिसत नसल्यामुळे प्रत्येकजण शेजारच्याचा सूर ऐकून आपला सूर त्यात मिसळू लागला. सभागृहात वर्षभर जे सांगून साधले नव्हते, तीस आवाजांचा एकच आवाज होणे, ते तिथे दहा मिनिटांत साधले. तेव्हापासून घाट उतरण्यापूर्वी अर्ध्या तासाचा थांबा आमच्या वेळापत्रकात कायमचा आहे. हवा फार ओली असेल तर तानपुरा गाडीतच राहतो आणि त्याचा सूर उघड्या दारातून मिळतो.

गोव्यात कार्यक्रम असेल तर यजमानांकडे घुमट वाजवणाऱ्यांची चौकशी अवश्य करावी. मातीच्या घटावर कातडे ताणलेले हे वाद्य गोव्याने २०१९ मध्ये वारसा वाद्य म्हणून घोषित केले आहे, आणि गणेशचतुर्थीतील घुमट आरत्यांमुळे तेथील श्रोत्यांच्या कानांत ते लहानपणापासून बसलेले असते. आपल्या कार्यक्रमातील एखादे भजन घुमटाच्या साथीने म्हणावे. मात्र त्यासाठी दुपारी तालीम ठेवावी, ऐन वेळी प्रयोग करू नये.

परतीच्या प्रवासात मौनाचा नियम नसतो. पुढे कार्यक्रम नसल्यामुळे ज्यांनी जाताना बोटे ओठांवर ठेवली, त्यांना कराडपर्यंत मनसोक्त गाऊ द्यावे. वृंदात नेहमी मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या काकूंना एकटीने गायला सांगण्याची हीच वेळ. कराडनंतर दिवे मालवावेत. पुण्यात उतरताना आधी वाद्ये, मग माणसे, मग सामान हा क्रम पाळावा, आणि दुसऱ्या दिवशी पेटी व तबले उघडून उन्हात नव्हे, तर सावलीत वाऱ्यावर ठेवावेत.