दुपारी लेकराला कोण भरवतं, ते आधी विचारा

होम सायन्स किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करून पोषणाच्या कामाला यवतमाळ-अमरावतीकडे येणाऱ्या पोरापोरींच्या बॅगेत पाककृतींची पुस्तिका हमखास असते. ती बॅगेतच राहू द्या. आधी इथल्या बाईचा दिवस समजून घ्या.

मी घाटंजी-पांढरकवडा भागात काम करते. पावसाळ्यात निंदण, दसरा-दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. बाई सकाळी निघते ती दिवेलागणीला परतते. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे ‘मध्ये येऊन पाजून जा’ म्हणणं म्हणजे तिची रोजी कापणं. आठ महिन्यांचं लेकरू आजीजवळ, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर. ‘बाळाला काय देता?’ विचारलं की आई ‘वरण-भात’ म्हणते. ते खोटं नसतं, फक्त रात्रीचं असतं. म्हणून कालचा दिवस उठल्यापासून विचारा. चहात बुडवलेलं बिस्कीट किती वाजता, दुपारी कोणी भरवलं, वेगळ्या वाटीतून की मोठ्यांच्या ताटातून, किती उरलं. ताटातून किती पोटात गेलं हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि वाटीत डोकावून पाहाच. एका घरी आजी वरण-भात भरवत होती. वाटीत वरणावरचं पाणी आणि भाताची चार शितं. तूर घरचीच, पातेल्याच्या तळाशी छान शिजलेली. ‘घट्ट देल्लं तं नरड्यात अटकते नं बाई,’ आजी म्हणाली. भीती खरी होती, त्यावर भाषण देऊन काय होणार? तळाचं वरण घेऊन भात बोटांनी कुस्करला, वर चमचाभर तेल घातलं. चमचा तिरपा केला तरी सांडेना. मग आजीनेच भरवलं, पोरगं मिटक्या मारत खात राहिलं. पाच मिली तेलात साधारण 45 कॅलरी असतात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला 200 च्या आसपास लागतात. हे गणित वहीत ठेवा, आजीला चमचा दाखवा.

सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, पुढे वरचं अन्न आणि दोन वर्षांपर्यंत दूधही चालू, हे तुम्हाला पाठ असतं. घोडं अडतं ते ‘दूध पुरत नाही’पाशी. बाळ दिवसात सहा-सातदा लघवी करतंय आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. बाटली घरात शिरू देऊ नका. घुटीवरून मात्र पहिल्याच भेटीत आजीशी वाद नको. पुढची भेट जाते.

सहा महिन्यांपुढच्या लेकराच्या दंडाचा घेर मोजपट्टीवर 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला, म्हणजे तीव्र कुपोषण दिसलं, तर आशाताईंना लगेच कळवा. भूक शाबूत असेल तर गावातलं ग्राम बाल विकास केंद्र, जिथे अशा लेकरांना जादा आहार देतात. खातच नसेल, ताप-जुलाब असतील किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. तिथून पोषण पुनर्वसन केंद्र, म्हणजे अशा लेकरांना भरती करून उपचार आणि आहार देतात ती जागा.

योजनांकडेही घड्याळ लावून पाहा. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना 2015 पासून एक वेळचं ताजं जेवण आहे. योजना चांगलीच, पण वेचणीच्या दिवसांत ताट वाढलं जातं तेव्हा बाई शेतात असते. अंगणवाडी सेविकेशी बसून वेळेचं काय करता येईल ते बोला.

गृहभेटीला अकरा वाजता गेलात तर दाराला कुलूप. आईसाठी संध्याकाळी चूल पेटल्यावर जा, आणि आजी नाहीतर बहीण जेवू घालते ते पाहायला एकदा भर दुपारी.