टर्बो स्पोर्ट्‌स कार बंद केल्यावर बॉनेटखाली साचणारी उष्णता: या चुका टाळा

भाकरी झाल्यावर गॅस बंद केला तरी बिडाचा तवा बराच वेळ चटका देतो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या (इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या) जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारं यंत्र. त्याचं एक्झॉस्टकडचं घर (बाहेरचं कवच) तसंच बिडाचं किंवा ओतीव पोलादाचं असतं, आणि गाडी जोरात चालवताना त्यातून जाणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्याही पुढे तापतो. गाडी धावत असते तोवर तेल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि समोरून येणारा वारा ही उष्णता वाहून नेतात. इंजिन बंद केलं की वारा आणि तेल लगेच थांबतं, कूलंटही जवळपास थांबतं. तवा मात्र तापलेलाच राहतो. मग उष्णता टर्बोच्या शाफ्टवरून (मधल्या दांड्यावरून) त्याला आधार देणाऱ्या बेअरिंगकडे, मॅनिफोल्डवरून (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरून) हेडकडे (इंजिनच्या वरच्या भागाकडे) आणि तिथून बॉनेटखालच्या प्लॅस्टिककडे सरकते. म्हणून होज, कनेक्टर आणि वायरिंगला खरी झळ लागते ती गाडी उभी केल्यावरच्या पहिल्या दहा-वीस मिनिटांत.

त्यात मुंबईची हवा. मार्च किंवा ऑक्टोबरच्या दुपारी बाहेरच ३४-३५ अंश असतात आणि सोसायटीच्या बेसमेंटमध्ये वारा नावालाही नसतो.

घाटाची उष्णता आणि ट्रॅफिकची उष्णता एकच समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि पुढच्या निम्म्या चुका हिच्यातूनच होतात.

खंडाळ्याचा घाट दाबून चढलात, लोणावळ्यात चिक्कीसाठी वळलात आणि लगेच बटण दाबून इंजिन बंद केलंत, तर टर्बो पेटल्यासारखा तापलेला असतो आणि तेलही १२० अंशांच्या आसपास असतं. इथे धोका बेअरिंगला आहे. शाफ्टभोवती अडकलेलं थोडंसं तेल जागच्या जागी भाजून निघतं आणि त्याचा काळा, कडक कोळसा होतो. एका वेळेस काही बिघडत नाही. पण दर शनिवार-रविवारी असंच झालं तर तेलाची बारीक वाट हळूहळू बुजते, आणि मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारा शाफ्ट तेलाविना फार काळ टिकत नाही.

याउलट अंधेरी ते दहिसर पश्चिम द्रुतगती मार्गावर दीड तास रांगत आलात, तर टर्बोवर भार जवळपास नव्हताच. तो तुलनेने थंड असतो. पण वारा नसल्यामुळे अख्खा इंजिन बे (बॉनेटखालची इंजिनची जागा) शिजलेला असतो. एसीच्या कंडेन्सरची गरम हवा रेडिएटरवर येते आणि तिथली पुन्हा इंजिनवर.

पहिल्या प्रकारात इंजिन लगेच बंद करायचं नाही. दुसऱ्या प्रकारात ते चालू ठेवून काही मिळत नाही. जागेवर पोहोचलात की सरळ बंद करा आणि गरम हवेला बाहेर पडायला वाट द्या. दोन्हीकडे तेच ‘दोन मिनिटं आयडल’ (उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवणं) करणारे बरेच असतात. त्यांचा एका ठिकाणी उपाय अपुरा पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी पेट्रोल वाया जातं.

पार्क केल्यावर थंड करायला घेणं

टर्बो उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीत चांगला थंड होतो, कारण तेव्हा तेल आणि कूलंट जोमाने फिरतं आणि वाराही मिळतो. जोरात चालवल्यानंतरचे शेवटचे ३ ते ५ किलोमीटर थ्रॉटल अलगद ठेवा, इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या खाली आणि बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) जवळपास शून्यावर. मग थांबल्यावर ३० सेकंद ते १ मिनिट आयडल पुरतं. तेलाचं तापमान दिसत असेल तर ते १०५ अंशांच्या आत आल्यावर बंद करा. कूलंटच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. आतलं तापमान बरंच वर-खाली झालं तरी तो हलत नाही.

मुंबईत हे शेवटचे किलोमीटर ट्रॅफिक आपोआपच करवून घेतं. अटल सेतूवरून शिवडीला उतरून घर गाठेपर्यंत टर्बो निवलेला असतो. अडचण शेवटच्या रॅम्पवर येते. पोडियमच्या (इमारतीच्या पार्किंग मजल्यांच्या) चौथ्या-पाचव्या मजल्यावर जायला पहिल्या गिअरमध्ये जोर लावलात की निवलेला टर्बो पुन्हा तापतो. रॅम्प शक्य तितक्या कमी थ्रॉटलने चढा. पझल किंवा स्टॅक (गाड्या यंत्राने वर-खाली ठेवणाऱ्या) पार्किंगमध्ये गाडी पॅलेटवर (ती उचलणाऱ्या फळीवर) घेतल्यावर इंजिन बंदच करावं लागतं, म्हणून तिथे आयडल करायचं असेल तर ते पॅलेटच्या बाहेर.

बंद बेसमेंटमध्ये पाच-पाच मिनिटं आयडल करणं मात्र सोडून द्या. वाऱ्याविना बे आणखी तापतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. टर्बो टायमर (चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं यंत्र) लावायची पद्धत टर्बो फक्त तेलावर थंड व्हायचा त्या काळातली. आजच्या बहुतेक टर्बोंच्या मधल्या घरातून कूलंटही फिरतं.

ऑटो स्टार्ट-स्टॉपचं बटणही लक्षात ठेवा. घाट चढून टोलनाक्यावर थांबलात की काही गाड्या इंजिन स्वतःहून बंद करतात. घाटाच्या पायथ्यालाच ते फीचर बंद करा.

बंद केल्यावरची गुणगुण न ऐकणं

इंजिन बंद झाल्यावर अनेक टर्बो गाड्यांत एक छोटा इलेक्ट्रिक पंप कूलंट टर्बोमधून फिरवत राहतो, आणि गरज असेल तर रेडिएटरचा पंखाही चालतो. बीएमडब्ल्यूच्या एन५५ इंजिनात तर मुख्य वॉटर पंपच विजेवर चालतो. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागे असतं आणि तिथे बेसाठी वेगळा पंखा असतो. पंखा ५-१० मिनिटं फिरला तर ते बिघाडाचं लक्षण नाही. ‘बॅटरी उतरेल’ म्हणून फ्यूज काढणं किंवा टर्मिनल सोडवणं म्हणजे टर्बोला मिळणारी शेवटची मदत तोडणं.

बॅटरीची चिंता अगदीच निराधार नाही. ६०० वॅटचा पंखा पूर्ण वेगाने १० मिनिटं चालला तर सुमारे ८ अँपिअर-तास खर्च होतात. ८० अँपिअर-तासांच्या निरोगी बॅटरीला ते जड नाही. पण गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल आणि बॅटरी तीन वर्षांची असेल तर स्मार्ट चार्जर लावून ठेवा.

महिन्यातून एकदा ही तपासणी करा. दणकून चालवून आल्यावर एसी आणि म्युझिक बंद करा, इंजिन बंद करा, दार उघडा आणि एक मिनिट कान द्या. धातू आकसताना होणारी टिकटिक ऐकू येईल, ती नेहमीची. तिच्याखाली मंद घूं-घूं यायला हवी. तुमच्या गाडीत असा पंप आहे आणि आवाज येत नाही, तर पंप, त्याचा फ्यूज किंवा कनेक्टर यांपैकी काहीतरी गेलेलं असू शकतं. नेहमी डॅशबोर्डवरचा दिवा लागेलच असं नाही, म्हणून स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या.

पंखा पंधरा-वीस मिनिटं थांबतच नसेल, आणि तेही गाडी थंड असताना, तर तापमानाचा सेन्सर किंवा पंख्याचा कंट्रोलर तपासा.

बॉनेट, टोपी आणि पाणी

बॉनेट उघडणं चांगलंच. गरम हवा वर जाते आणि प्लॅस्टिक वाचतं. पण हात आत घालू नका. इंजिन बंद असलं तरी पंखा कधीही सुरू होऊ शकतो, त्यात ओढणी किंवा बाही अडकू शकते. २०-३० मिनिटांनी बॉनेट लावून टाका. मुंबईच्या बेसमेंटमधले उंदीर उबेलाच येतात आणि वायरचं वेष्टन कुरतडतात.

कूलंटच्या टाकीची टोपी गरम असताना उघडणं ही भाजून घेण्याची खात्रीची पद्धत आहे. निम्मं कूलंट-निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. सुमारे १.४ बार दाब धरणाऱ्या टोपीखाली तेच १३० च्या आसपास जातं. आत ११५ अंश असताना टोपी फिरवलीत की दाब जातो, मिश्रण क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. वरचा जाड होज हाताने सहज दाबता येत नाही तोवर टोपीला हात लावू नका. दाबता आला तरी जाड फडकं टाकून पाव फेराच फिरवा, फुस्स संपू द्या, मगच पूर्ण काढा.

‘मुंबईत कुठे बर्फ पडतो, पाणीच भरा’ हा सल्ला अजूनही मिळतो. कूलंट गंजही थांबवतो आणि उकळबिंदूही वाढवतो. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार टर्बोच्या बारीक वाटांमध्ये बसतात. कंपनीने सांगितलेलंच कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. कूलंटचं प्रमाण ७० टक्क्यांवर नेलं तर उष्णता वाहून नेण्याची क्षमता उलट घटते. रंग सारखा दिसतो म्हणून दोन प्रकार मिसळू नका, काही जोड्यांचा गाळ होतो.

गाडी आल्या आल्या इंजिन बेवर किंवा खालून प्रेशर वॉशरचं थंड पाणी मारू नका. बिडाच्या मॅनिफोल्डला तडा जाऊ शकतो आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आतली सिरॅमिक फुटते. किमान एक तास थांबा. तापलेल्या गाडीवर लगेच कव्हरही घालू नका. एक्झॉस्टच्या टोकाला ते चिकटून वितळतं. पावसाळ्यात हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेला पाणी भरलेलं दिसलं तर तापलेला टर्बो त्यात बुडवण्यापेक्षा रस्ता बदला.

वारा अडवणाऱ्या गोष्टी

खालचा प्लॅस्टिकचा ट्रे काढला की हवा खेळेल असं अनेकांना वाटतं. होतं उलटंच. तो ट्रे हवेला दिशा देतो, रेडिएटरमधून आलेली गरम हवा खालून-मागून खेचली जाते. तो नसला की हे खेचणं कमी होतं आणि रस्त्यावरचा चिखल-पाणी थेट बेल्टवर उडतं. स्पीड ब्रेकरवर आपटून तो फाटतो, ऑइल बदलताना चार क्लिप हरवतात, आणि गॅरेजमध्ये ‘चालेल’ म्हणून सोडून देतात. क्लिप मोजून बसवून घ्या. रेडिएटरच्या कडेची फोमची पट्टी गळाली असेल तर तीही लावा, नाहीतर हवा जाळीतून न जाता बाजूने पळते.

पुढच्या बंपरच्या झडपांत टॉर्च मारून बघा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत गुलमोहोराच्या पाकळ्या आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पानं साचतात. पोर्शे ९११ चे पुढचे बाजूचे रेडिएटर या कचऱ्याचे घर म्हणून ओळखले जातात. पावसाआधी आणि पावसानंतर बंपरची जाळी काढून, हलक्या धारेने, शक्यतो आतून बाहेर असं धुवा. जोराची धार पातळ फिन वाकवते.

उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) बॉनेटखालीच बसवला तर तो गरम हवाच ओढतो. आवाज वाढतो, ताकद घटते. बसवायचाच असेल तर सीलबंद बॉक्स आणि बाहेरून थंड हवा आणणारा डक्ट हवा. उष्णता रोखायला एक्झॉस्टवर गुंडाळायच्या पट्टीबद्दल आमचं मत मुंबईत तरी नकारार्थी आहे. ती ओलावा धरते आणि पट्टीखालचा पाइप गंजतो. टर्बो ब्लँकेट (टर्बोवर घालायचं उष्णतारोधक आवरण) चांगलं, पण ते फक्त टर्बाइनच्या (एक्झॉस्टकडच्या चाकाच्या) घरावर. मधलं घर, कंप्रेसर (हवा दाबणारी बाजू) आणि वेस्टगेटचा (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेचा) दांडा मोकळे हवेत. तेलाची गळती असेल तर आधी ती बंद करा, तेलाने भिजलेलं ब्लँकेट पेट घेतं. सोनेरी उष्णतारोधक टेप फक्त अंगावर येणारी धग परतवते, म्हणून ती एअर इनटेकच्या पाइपवर उपयोगी आहे.

पुन्हा सुरू केल्यावर गाडी मंद वाटणं

पंधरा मिनिटं थांबून निघालात आणि दम नाही असं वाटलं तर बहुधा बिघाड नसतो. इनटेकची (इंजिनात जाणारी) हवा तापलेली असते आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) नॉक (इंधनाचं अवेळी पेटणं) टाळायला ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. ओबीडी डोंगलवर (गाडीला जोडून आतले आकडे दाखवणाऱ्या उपकरणावर) इनटेकचं तापमान ६०-७० अंश दिसेल. दोन किलोमीटर हळू चालवा, ते बाहेरच्या हवेपेक्षा १०-१५ अंशांनीच जास्त इथवर उतरतं. उतरत नसेल तर इंटरकूलरची (टर्बोची हवा थंड करणाऱ्या रेडिएटरची) जाळी किंवा होजची गळती शोधा.

वासावरून काय समजायचं

गोडसर वास आला तर कूलंट गळतंय. होजच्या जोडावर पांढरट किंवा गुलाबी सुकलेला थर शोधा. जळक्या तेलाचा वास बहुतेकदा व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटचा, तेल थेंबाथेंबाने एक्झॉस्टवर पडत असतं. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर घाबरण्याआधी गाडी थंड होऊ द्या आणि खाली वाकून बघा. रस्त्यावरची पिशवी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणाऱ्या एक्झॉस्टमधल्या तापणाऱ्या भागाला) चिकटलेली असू शकते. पेट्रोलचा वास असेल तर गाडी सुरूच करू नका, फ्लॅटबेड बोलवा.

रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळसर धूर येत असेल आणि तेल कमी होत असेल तर टर्बोचा सील संशयित आहे. वर्षातून एकदा किंवा ७,५०० ते ८,००० किलोमीटरला, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, कंपनीच्या स्पेसिफिकेशनचं फुल सिंथेटिक तेल बदला. मॅन्युअलमध्ये १५,००० लिहिलं असलं तरी आपल्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटरपेक्षा इंजिनचे तास जास्त भरतात. आणि टर्बो बदलायची वेळ आलीच तर तेल आणणारी नळीही नवी घ्या. जुन्या नळीतला कोळसा सुटून नव्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये जातो, आणि काही महिन्यांत तोच खर्च पुन्हा समोर उभा राहतो.