तलवार माशाची सुरमई करू नका

बडोद्याला समुद्र नाही. आपल्याकडचा मासा वेरावळहून नाहीतर मुंबईहून बर्फात किंवा गोठवून येतो आणि मराठी घरांत तो बहुतेक एकाच रीतीने तव्यावर पडतो. हळद, मीठ, तिखट, आगळ, वरून रवा, आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस. सुरमई, पापलेट, रावस, सगळ्यांना ही रीत मानवते. तलवार माशाला, म्हणजे दुकानात 'स्वोर्डफिश' म्हणून मिळतो त्याला, ती मानवत नाही.

आमच्या नेहमीच्या मासेवाल्याने पहिल्यांदा त्याचे दोन जाड स्टेक दिले तेव्हा माझा हात सुरमईच्या सवयीनेच चालला. अर्धा तास आगळात मुरवले, रवा लावला, एकेक बाजू सात-आठ मिनिटं मंद आचेवर ठेवली. वरून रंग इतका सुरेख आला की पानात वाढेपर्यंत काहीच कळलं नाही. घास मोडला तर आत कोरडा चोथा. सासूबाईंनी आमटीत बुडवून संपवला, मुलाने अर्धा ठेवला. महागाचा मासा वाया गेल्याचं मला फार लागलं. त्यानंतर मी तो पुष्कळदा केला, आणि चुका कुठे होतात ते आता नीट सांगता येतं.

सुरमईचं मांस पापुद्र्यापापुद्र्याने सुटतं. तलवार मासा तसा सुटत नाही. खोल समुद्रात सतत पोहणारा, चार मीटरच्याही पुढे वाढू शकणारा हा शिकारी मासा. त्याचं मांस घट्ट, आणि खाताना माशापेक्षा कोंबडीच्या जवळचं वाटणारं. आच जास्त झाली की त्याचे तंतू आक्रसतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. गेलेलं पाणी पुन्हा आत जात नाही. म्हणून याच्या बाबतीत सगळा खेळ शेवटच्या दीड मिनिटाचा असतो.

आधी पानात कोण बसणार ते बघा

ही चूक चवीची नाही, पण सगळ्यात मोठी आहे. छोट्या माशांना खाणारे मोठे मासे पारा साठवत जातात आणि तलवार मासा त्या साखळीच्या टोकाला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्यांत त्याच्यात किलोमागे सरासरी १ मिलिग्रॅमच्या आसपास पारा आढळला आहे; कोळंबीत तो त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतका असतो. गरोदर बाई, मूल होऊ देण्याचा विचार करणारी, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुलं यांनी हा मासा खाऊच नये, असा त्यांचा स्पष्ट सल्ला आहे. पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे धुऊन, मुरवून, तळून किंवा कातडी काढून तो जात नाही. आमच्याकडे सून गरोदर होती त्या काळात मी हा मासा घरात आणलाच नाही. एकीच्या पानात वाढायचं नाही आणि बाकीच्यांनी तिच्यासमोर खायचं, हे मला पटत नाही. लहान मूल घरी असेल तर त्याच्यासाठी कोळंबी करा. बाकीच्यांसाठीसुद्धा हा मासा कधीतरीचा आहे, दर रविवारचा नाही.

पातळ तुकडी मागू नका

मासेवाल्याला आपण सवयीने 'पातळ कापा' म्हणतो. इथे उलटं सांगा: दोन बोटं जाड, म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. पातळ तुकडी वरून लाल होईपर्यंत आतून संपलेली असते. जाड स्टेकमध्ये मध्य जपायला वेळ मिळतो.

तुकडीत एक गडद पट्टा दिसतो, तो रक्ताचा. तो लालसर असावा. तपकिरी किंवा काळपट पडला असेल तर मासा जुना आहे, घेऊ नका. मांसाचा रंग पांढरट, गुलाबीसर किंवा चक्क नारिंगी असू शकतो. नारिंगी रंग त्याच्या खाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवांमुळे येतो, त्यात काही बिघाड नाही. कातडी गुळगुळीत हवी. हात फिरवल्यावर पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली तर ती मोरी, म्हणजे शार्क, असण्याची शक्यता मोठी. मोरीचं कालवण फार चांगलं होतं, पण तलवार माशाच्या भावाने ती का घ्यायची?

वितळवण्याची घाई

बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि आपण गोठवलेलं पाकीट सकाळी ओट्यावर काढून ठेवतो. हे करू नका. माशाचा बाहेरचा भाग तासाभरात गरम होतो आणि आतला दगडासारखाच राहतो. शिवाय असा मासा उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होऊ शकतं. त्याने तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं, आणि ते शिजवून जात नाही. आदल्या रात्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा. पाकीट हवाबंद असेल तर ठेवण्याआधी त्याला कात्रीने चीर द्या. ऑक्सिजनशिवाय वाढणारे काही जंतू बंद पाकिटात थंडीतही वाढू शकतात.

वितळल्यावर पाणी सुटलेलं असतं. ते फडक्याने नीट टिपा, दोन्ही बाजूंनी. मीठ शिजवण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी लावा आणि पुन्हा एकदा टिपा. ओला मासा तव्यावर भाजला जात नाही, उकडला जातो. नंतर 'रंगच आला नाही' म्हणून आपण तो आणखी ठेवत राहतो.

आगळ आणि लिंबू आधी नको

आपल्या हाताला हे सगळ्यात जड जातं. आंबटाने मासा मुरतो असं आपण म्हणतो, पण या घट्ट मांसावर अर्धा-पाऊण तास लिंबू किंवा आगळ राहिलं की वरचा थर विस्तवाशिवायच शिजतो. तो पांढरा, खडूसारखा होतो आणि तव्यावर आणखी कोरडा पडतो. लावायचंच असेल तर शिजवण्याआधी पाच-दहा मिनिटं पुरेत. माझं मत विचाराल तर आंबट सगळं सॉसमध्ये, शेवटी.

तीच गोष्ट मसाल्याची. स्टेकला आच चांगली मोठी लागते आणि त्या आचेवर तिखट, आलं-लसणाचं वाटण करपून कडू होतं. आधी फक्त मीठ, भरडलेली मिरी आणि तेलाचा हात. रवाही नको, त्याच्या आड माशाचा रंगच दिसत नाही आणि कधी काढायचं ते कळत नाही.

तवा

बिडाचा तवा असेल तर तोच घ्या. नॉनस्टिक तापवून तापवून खराब होतो आणि रंगही तितका देत नाही. तवा तीन-चार मिनिटं कोरडाच तापू द्या, मग त्यात एक चमचा सिंगतेल, आणि तेल लाटेसारखं पसरू लागलं की मासा ठेवा. ठेवल्यावर हात लावू नका. लोक इथेच अधीर होतात, कालथा खाली सरकवतात, मासा चिकटलेला असतो, फाटतो. तयार झाला की तो स्वतःच तव्याला सोडतो. कालथ्याने अडत असेल तर आणखी अर्धा मिनिट थांबा.

तीन सेंटिमीटर जाड स्टेकला पहिल्या बाजूला चारेक मिनिटं, उलटल्यावर आच थोडी कमी करून तीनेक. पण घड्याळावर पूर्ण विसंबू नका, कडेकडे बघा. स्टेकच्या उभ्या कडेवर पांढरा रंग खालून वर चढताना दिसतो. तो निम्म्याला आला की उलटायचं. दुसऱ्या बाजूने चढणारा पांढरा थर पहिल्याला भेटायला आला, मध्ये जेमतेम एक अर्धपारदर्शक रेघ उरली, की लगेच काढायचं. पाच मिनिटं ताटात राहू द्या, ती रेघ आतल्या उष्णतेने आपोआप भरते. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६० अंश सेल्सिअसला काढा. बसल्या बसल्या तो ६३च्या आसपास जातो, आणि माशासाठी सुरक्षित म्हणून तोच आकडा सांगितला जातो. सत्तरीला पोचला की चोथा.

कातडी शिजवताना राहू द्या, तुकडा धरून ठेवते. पण ती आक्रसून स्टेकची वाटी करते, म्हणून दोन-तीन ठिकाणी सुरीने चिरा द्या. खाताना ती काढून टाका, रबरासारखी वातड असते. गडद पट्ट्याचा वास कुणाला उग्र वाटतो. तसं असेल तर शिजल्यावर तो भाग सहज वेगळा होतो.

एकावेळी तव्यावर दोनच तुकडे. चार कोंबले की तवा गार पडतो आणि पाणी सुटतं.

सॉस: वाटण नको, ताजेपणा हवा

ओलं खोबरं आणि बेडगीचं वाटण या माशावर घातलं की तो फक्त वाटणाला आधार देतो, त्याची स्वतःची गोडसर चव हरवते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच मासा खाल्ला, त्या इटलीतल्या सिसिली बेटाच्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे. ते ऑलिव्ह तेल, लिंबू, लसूण, पार्सली आणि ओरेगॅनो एकत्र फेटून गरम माशावर सोडतात. त्या सॉसचं नाव साल्मोरिल्यो.

आपल्या गावात याला सोन्यासारखा बदल मिळतो, तो हिवाळ्यातल्या पातीच्या लसणीचा. भाजीवाल्या 'लीलुं लसण' म्हणून जुड्या विकतात ती. मूठभर पात आणि पांढरे कोवळे गड्डे बारीक चिरायचे, चार चमचे ऑलिव्ह तेल, दोन चमचे लिंबाचा रस, एक चमचा कोमट पाणी, मीठ, आणि ओव्याच्या झाडाची दोन जाड पानं अगदी बारीक करून. ओव्याच्या पानाचा वास ओरेगॅनोच्या इतका जवळ जातो की बाटलीतला वाळका चुरा आणायची गरजच नाही. गच्चीवरची एक कुंडी पुरते. हे काट्याने फेटायचं, मिक्सरमध्ये नाही. मिक्सरमध्ये लसूण कडवट होते. आणि कच्चं सिंगतेल इथे नको, त्याचा शेंगदाण्याचा वास सगळ्यावर बसतो. लिंबू वाढण्याच्या आधी दहा मिनिटं घाला, नाहीतर पात काळवंडते.

दुसरा सॉस सिसिलीतल्याच मेसिना शहराच्या बाजूचा: टोमॅटो, कांदा, ऑलिव्ह आणि केपर. केपरची बाटली महाग असते, आणि आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ आहे. लोणच्यांच्या दुकानात कच्छ-सौराष्ट्रातले केरडे मिळतात ना, ते त्याच कुळातल्या झुडपाचं फळ. केपर म्हणजे कळी, केरडा म्हणजे फळ, पण तो तुरट-आंबट झणका तसाच. इथली चूक म्हणजे बरणीतून थेट कढईत टाकणं. केरडे आधी धुऊन तासभर पाण्यात ठेवा, नाहीतर सॉस खारट होतो. एक कांदा तेलात मऊ करा, तीन पिकलेले टोमॅटो किसून घाला, दहा-बारा केरडे ठेचून घाला आणि पंधरा मिनिटं आटवा. मीठ शेवटी, चाखून. मासा वेगळ्या तव्यावर दोन-दोन मिनिटंच भाजा आणि मग सॉसमध्ये ठेवून झाकून मंद आचेवर तीनेक मिनिटं. आधी सॉस तयार, मग मासा; उलट केलंत तर मासा वाट बघत कोरडा पडतो. कालवण करायचं असेल तरी हाच नियम: कालवण पूर्ण उकळून घ्या, गॅस बारीक करा, मगच तुकडे सोडा.

सॉस माशाखाली पसरा, वर ओतू नका. तव्यावर मेहनतीने आणलेला खरपूसपणा वरून ओतल्याने क्षणात भिजतो.

सोबत मी जांभळा कंद करते. बडोद्यात 'रतालू' मागितलं की हाच मिळतो. आपलं मराठी रताळं हवं असेल तर 'शक्करिया' म्हणावं लागतं. कंदाच्या चकत्या आधी वाफवून त्याच तव्यावर मिरी-मीठ लावून भाजायच्या. भावनगरी मिरच्या अख्ख्या भाजून, वर लिंबू. साधा भात चालतो, पण टोमॅटोच्या सॉसबरोबर पाव जास्त छान लागतो.

बिघडलाच तर

बाहेरून काळा आणि आत कच्चा राहिला तर तवा फार तापला होता. आच बंद करून झाकण ठेवा, दोन मिनिटांत आतून होतो. कोरडा पडला तर पुन्हा गरम करू नका, आणखी बिघडेल. कोमट असतानाच आडव्या रेषेत पातळ कापा, लसणीचा सॉस थोडा जास्त तेल घालून त्यावर सोडा आणि पंधरा मिनिटं राहू द्या. फारच कोरडा असेल तर हाताने कुस्करून उकडलेल्या बटाट्यात, हिरवी मिरची-कोथिंबीर घालून कटलेट करा.

आमच्या मजल्यावर समोर जैन कुटुंब आहे. मासा करायचा दिवस असला की मी जिन्याकडचं दार बंद ठेवते, एक्झॉस्ट लावते, आणि तवा लगेच धुते. तलवार माशाला वास फारसा नसतो आणि तो तव्यावर आठ मिनिटंच असतो, त्यामुळे बांगड्यापेक्षा हा शेजारधर्माला सोपा जातो. उरलेला तुकडा मात्र दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. घर वासाने भरतं आणि मासा फुटाण्यासारखा कडक होतो. झाकून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारी थंडच, उरलेल्या टोमॅटोच्या सॉसबरोबर पावात भरून खा.