जेवायला मदत करणारा रोबोट : या चुका टाळा

ब्रिटनमधल्या कील विद्यापीठात माइक टॉपिंग यांनी १९८७ मध्ये ‘हँडी १’ हा चमच्याने घास भरवणारा रोबोट बनवला, तो सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या ११ वर्षांच्या एका मुलाला आपल्या आपण जेवता यावं म्हणून. पुढे जपानचा ‘माय स्पून’ आला, अमेरिकेचा ‘ओबी’ आला. हेतू तोच राहिला. म्हणूनच एक चूक मला फार बोचते : यंत्र आणायचं आणि ‘लवकर आटपेल’ म्हणून बटण घरच्यांनीच दाबत राहायचं. मग बदललं काय, फक्त भरवणारा हात!

ओबी सहसा दोन स्विचवर, म्हणजे बटणांवर चालतो. एकाने चारपैकी वाटी निवडायची, दुसऱ्याने घास मागवायचा. हात चालत नसेल तर पायाने किंवा डोक्यानेही ते दाबता येतात. ‘त्याला जमत नाही’ असं ठरवण्याआधी स्विचची जागा बदलून पाहा. पहिल्या घासाला जमणारी हालचाल विसाव्या घासालाही न थकता जमली पाहिजे.

चमचा तोंडाशी नीट येत नसेल तर बहुतेक वेळा बसण्यात गडबड असते. चमचा कुठे थांबायचा हे ओबीचा यांत्रिक हात धरून, हलवून त्याला शिकवावं लागतं. आधी कंबर मागे टेकवून, पावलांना आधार देऊन बसवा, मगच जागा शिकवा. जेवताना माणूस खुर्चीत घसरला की ती जागा चुकलीच. चमचा उंचावर थांबला तर मान मागे टाकावी लागते आणि घास श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. तो थोडा खालीच असू द्या. पुढे झुकून घास घेता यायला हवा.

पोळी-भाजी चमच्यात जशीच्या तशी येणार नाही. पोळी वरणात कुस्करा. मऊ खिचडी, दहीभात, उपमा छान उचलले जातात. पातळ आमटी आणि मोकळा भात वाटेत सांडतात.

गिळताना वारंवार ठसका लागत असेल तर यंत्र आणण्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्या. ठसका यंत्राला कळत नाही, त्यामुळे शेजारी कुणीतरी हवंच. बसा, पण आपलंही ताट वाढून घ्या.