झिंक प्लेटवरचा ग्राउंड फुटला तर: ठिपके, ओरखडे आणि खोल चरे कसे घालवायचे

एचिंगची (धातूवर अ‍ॅसिडने रेषा खोदून छापायची) प्लेट अ‍ॅसिडमधून काढली, ग्राउंड (धातू झाकणारा थर, तो सुईने खरवडून रेषा काढतात आणि अ‍ॅसिड तिथेच धातू खातं) पुसला आणि चेहऱ्याच्या किंवा आकाशाच्या मोकळ्या जागेत बारीक बारीक ठिपके दिसले की पोटात गोळाच येतो. ग्राउंड फुटून नको तिथे अ‍ॅसिडने धातू खाल्ला, यालाच स्टुडिओत सगळे फाऊल बायटिंग म्हणतात. पण म्हणून लगेच नवीन प्लेट आणायला पळू नका, झिंक काही स्वस्त येत नाही आणि त्या प्लेटवर तुमचं अख्खं ड्रॉइंग आहे. जवळजवळ प्रत्येक डाग निघतो, फक्त तो कधी सापडला त्यावर मेहनत ठरते, अ‍ॅसिडच्या आधी सापडला तर दोन मिनिटांचं काम, नंतर सापडला तर अख्खी दुपार गेली समजा.

आधी कारण बघू. हार्ड ग्राउंड म्हणजे मेण, डांबर आणि राळ, तो गरम प्लेटवर पसरवतात आणि तो सुटतो तेव्हा बहुतेक वेळा खाली तेल राहिलेलं असतं, तेही आपल्याच बोटांचं. म्हणून चॉक पावडरमध्ये थोडं अमोनिया आणि पाणी घालून कापसाने प्लेट नीट घासायची, नळाखाली तिरकी धरायची आणि पाणी बघायचं, पाण्याचा सलग पडदा राहिला तर प्लेट साफ आहे, पाणी थेंब थेंब होऊन पळालं तर परत घासा. त्यानंतर प्लेट फक्त कडेने धरायची. मुंबईच्या पावसाळ्यात पुसलेली प्लेटसुद्धा दमट राहते तेव्हा हॉट प्लेटवर पूर्ण कोरडी होऊ द्या मग ग्राउंड, आणि ग्राउंड लावताना पंखा बंद, कारण धुळीचा कण बसला की तिथे भोक पडलंच.

ग्राउंड लावून झाला की मेणबत्तीची काजळी धरा, म्हणजे प्लेट उलटी धरून ज्योत खालून फिरवत राहायची, एका जागी थांबवायची नाही नाहीतर ग्राउंड जळतो आणि जळलेला ग्राउंड अ‍ॅसिडमध्ये पापुद्र्यासारखा निघतो. काळीकुळकुळीत झालेली प्लेट खिडकीपाशी नेऊन डोळ्यांच्या रेषेत तिरकी धरली की प्रत्येक भोक चमकतं. ही तपासणी लोक टाळतात आणि मग रडतात, प्लीज टाळू नका.

भोक बुजवायला स्टॉपआऊट लागतं. माझं मत विचाराल तर लाख घ्या, फ्रेंच पॉलिशवाले वापरतात तीच चपडी लाख, स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवलेली. कारण असं की डांबराचं वार्निश टर्पेंटाइनमध्ये असतं आणि टर्पेंटाइन खालच्या मेणाच्या ग्राउंडलाच मऊ करतं, म्हणजे एक भोक बुजवताना शेजारच्या रेषेची कड उघडी पडते. स्पिरिट मेणाला फारसं धरत नाही. शून्य नंबरच्या ब्रशने भोकापेक्षा जरा मोठा ठिपका द्यायचा, पातळ, आणि वाळला की वर दुसरा हात. आणि लाख लावलेल्या प्लेटला परत अमोनिया दाखवायचा नाही, लाख अमोनियात विरघळते.

अ‍ॅसिडमध्ये गेल्यावर पहिली काही मिनिटं समोरून हलू नका. झिंकला साधारण 1 भाग नायट्रिक आणि 10 भाग पाणी चालतं (पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, उलटं कधीच नाही, हातमोजे चष्मा आणि उघडी खिडकी हवीच), आणि नायट्रिकचा फायदा हा की जिथे धातू उघडा आहे तिथे बुडबुडे येतात. रेषेवर बुडबुडे आले तर ठीक, पण रेषा नाही अशा जागी बारीक बुडबुड्यांची टिकली दिसली की प्लेट लगेच बाहेर, धुवा, टिपून वाळवा, लाख लावा, परत आत. तांब्याला फेरिक क्लोराइड वापरत असाल तर असे बुडबुडे येत नाहीत, तिथे भिंगाने आधीच तपासण्यावाचून उपाय नाही.

आता नुकसान होऊनच गेलं असेल तर. ग्राउंड रॉकेलने पुसा, मग डागावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर नुसता बर्निशर (धातू दाबून गुळगुळीत करायचं हत्यार) पुरतो, मशीन ऑइलचा एक थेंब टाकून लहान लहान गोल फिरवत दाबायचं, धातू दबून बसतो आणि चकाकतो. नख अडकलं तर आधी स्क्रेपर, तो तीनधारी, जवळजवळ आडवा धरून, पातळ पापुद्रे निघतील इतक्याच जोराने. इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, फक्त ठिपक्यावरच खरवडत बसू नका, तसं केलं की तिथे अरुंद खड्डा होतो आणि त्यात शाई साठून ठिपक्याच्या जागी मोठा काळा डाग छापला जातो. ठिपक्याच्या चारी बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर रुंद जागा घ्या आणि बशीसारखा उथळ उतार करत आणा, दिशा बदलत राहा, एकदा आडवं एकदा तिरकं. मग वॉटर पेपर पाण्यासोबत, 400, 600, 800, 1200 असा चढत, प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. त्यावर बर्निशर आणि शेवटी ब्रासो.

चरा फारच खोल असेल तर खरवडून झालेली जागा इतकी खाली जाते की प्रेसमध्ये कागद तिथे नीट दबत नाही. तेव्हा कॅलिपरने ती जागा प्लेटच्या मागे मार्क करा आणि तेवढ्यावर पातळ कागदाचे एक-दोन थर चिकटवा, कडा फाडलेल्या ठेवा म्हणजे पायरी पडत नाही. तांब्याला मागून हातोडीने हलके ठोकूनही जागा वर आणतात, चित्राची बाजू लोखंडी ठोकळ्यावर ठेवून. झिंक थंड असताना ठिसूळ असतं म्हणून त्याला मी कागदच सुचवेन.

अ‍ॅक्वाटिंटच्या (राळेची पूड टाकून बाईट केलेल्या, करड्या टोनच्या) भागात ओरखडा असेल तर जास्त शहाणपणा करू नका, खरवडलं की टोन जातो आणि त्या तुकड्यापुरती परत राळ टाकून बाईट केली तर जोड दिसतोच. बर्निशरने आजूबाजूचा टोनही थोडा हलका करत ओरखडा त्यात मिसळवणं बरं.

आणि खरंच काहीच जमत नसेल तर प्लेटला दुसरी बाजू असते. नेपोलियनच्या युद्धात तांब्याची टंचाई होती तेव्हा स्पॅनिश चित्रकार गोयाने लँडस्केपच्या दोन प्लेट अर्ध्या कापून त्यांच्या मागच्या बाजूंवर नवी चित्रं केली.

दुरुस्ती झाली की लगेच ग्राउंड लावायला बसू नका, आधी प्रूफ (चाचणीचा छाप) काढा. शाई लावून नेहमीसारखी टार्लटनने (कडक जाळीदार कापडाने) पुसा, दुरुस्त जागा छापात करडी आली तर ब्रासो अजून हवा, काळी आली तर खड्डा अजून अरुंद आहे, उतार बाहेर वाढवा. कागदावर ती जागा कुठे होती ते सापडेनासं झालं की मग चॉक-अमोनियाने प्लेट धुऊन नवा ग्राउंड, आणि जुन्या रेषा बुजतील इतका भरून लावा नाहीतर त्या परत खोल होतील.