विगन पायी पाहताना: नागपूरकरांसाठी

विगन हे फिलिपिन्समधलं जुनं गाव. राजधानी मनिलाहून रात्रीची बस धरा. अंतर सुमारे 400 किलोमीटर. विगन किनाऱ्यावरचं गाव म्हणून लोक समुद्र शोधत बसतात आणि हिरमुसतात. जुनी वस्ती समुद्रापासून आत, नदीकाठी आहे. 1572 साली हुआन दे साल्सेदो या स्पॅनिश सरदारानं इथं स्पॅनिश वसाहत वसवली. पुढं मेस्तिसो नदी गाळानं भरली, मोठी जहाजं येईनाशी झाली.

काये क्रिसोलोगो हा जुन्या घरांचा रस्ता उजाडताच गाठा. मोटारींना बंदी आहे, पण उशीर केला तर टांगे आणि सेल्फीवाले चालू देत नाहीत. महालातल्या वाड्यांची सवय असलेल्या डोळ्याला घरं ओळखीची वाटतील: खाली दगडविटा, वर लाकूड. खिडक्या नीट बघा. काचेऐवजी कापिस शिंपल्याचे पातळ चौकोन बसवलेत. उजेड येतो, झळाळी नाही. खिडकीखाली छोटी झडप असते. पावसात खिडकी लावली तरी तिच्यातून वारा येतो. न्याहाळण्यासारखं हेच.

एम्पानाडा, म्हणजे इथली तळलेली करंजी, गरमच खा, तांदळाच्या पिठाची पारी गार झाली की चिवट होते. आत कच्ची पपई, अंडं, डुकराच्या मांसाचं लोंगानिसा, म्हणजे सॉसेज. शाकाहारी असाल तर फक्त पपईची मागा. तळणीचं तेल मात्र बहुधा तेच.