नवी सार्वजनिक स्टेडियम कुठे बांधावीत, हे कसे ठरवावे

देशात नवे सार्वजनिक स्टेडियम कुठे उभारायचे, याची चर्चा बहुतेक वेळा एखाद्या मोकळ्या जमिनीपासून सुरू होते. कुठेतरी शासनाची जमीन पडून असते, कोणीतरी ती सुचवते आणि मग तिथेच स्टेडियम का योग्य ठरेल, याची कारणे शोधली जातात. हा क्रम उलटा आहे. ज्या निवड समित्यांबरोबर मी काम केले, त्यांपैकी बहुतेकांची निम्मी शक्ती हा क्रम सरळ करण्यातच खर्च झाली. आधी माणसे कुठे आहेत ते पाहायचे असते आणि जमिनीचा शोध त्यानंतर घ्यायचा असतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. लोकसंख्येचे भागवार आकडे, रस्ते व रेल्वेचे नकाशे आणि सध्याच्या मैदानांची यादी तुमच्या हाताशी आहे, असे मी गृहीत धरतो.

पहिली पायरी: गरज एका वाक्यात लिहा

कोणते खेळ, कोणत्या पातळीच्या स्पर्धा आणि आठवड्यातील किती तास वापर, हे एका वाक्यात लिहा आणि त्यावर सर्वांची संमती घ्या. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर जागा शोधायची वेळ अजून आलेली नाही.

दुसरी पायरी: साध्या आठवड्याचा नकाशा काढा

सगळ्यांत अवघड पायरी हीच आहे आणि मलाही ती फार काळ जड गेली, कारण मागणी मोजण्याच्या ज्या पद्धती सर्रास सांगितल्या जातात त्या मोठ्या सामन्याच्या दिवसाभोवती रचलेल्या असतात. प्रत्यक्षात स्टेडियमच्या वर्षात मोठे सामने मोजकेच असतात. बाकीचे दिवस सकाळी धावायला येणाऱ्यांचे, शाळा सुटल्यावर सरावाला येणाऱ्या मुलामुलींचे आणि संध्याकाळी खेळणाऱ्या स्थानिक संघांचे असतात. ज्या ठिकाणी ही माणसे सहज पोहोचू शकत नाहीत, तिथले स्टेडियम कितीही देखणे असले तरी ते बहुतेक काळ कुलूपबंद राहते.

ब्राझीलमधील मानाउस शहराचे उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवे. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी तिथे चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षकक्षमतेचे स्टेडियम बांधण्यात आले आणि त्यात स्पर्धेचे चार सामने झाले. त्या वेळी देशाच्या वरच्या दोन साखळी स्पर्धांमध्ये त्या शहराचा एकही संघ नव्हता, त्यामुळे स्पर्धा संपल्यावर तेवढी आसने कोणाच्या सामन्यांनी भरणार, हा प्रश्न तसाच उरला. पोर्तुगालने २००४ च्या युरोपीय स्पर्धेसाठी दहा स्टेडियम वापरली. त्यांपैकी आवेइरू येथील नव्या आणि लेइरिया येथील पुन्हा बांधलेल्या स्टेडियमांची क्षमता प्रत्येकी तीस हजारांच्या आसपास होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला स्पर्धेचे दोनच सामने आले. स्थानिक संघांचा प्रेक्षकवर्ग त्या क्षमतेच्या मानाने फार लहान होता आणि देखभालीचे ओझे नगरपालिकांवर पडले. त्या काही सामन्यांचा हिशेब सगळ्यांनी केला होता. पुढच्या तीस वर्षांतील साध्या आठवड्यांचा मात्र कोणी केला नाही.

आता नकाशा कसा काढायचा ते सांगतो. पहिली ताकीद अशी की नकाशावर कंपासने वर्तुळ काढू नका. पाच किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात दोन लाख लोक राहतात, हे वाक्य अहवालात भारदस्त दिसते, परंतु मधून नदी, लोहमार्ग किंवा ओलांडता न येणारा महामार्ग जात असेल, तर त्यांतल्या निम्म्या लोकांना ते ठिकाण तासाभराच्या अंतरावर असते. अंतराऐवजी प्रवासाला लागणारा वेळ मोजा. अर्ध्या तासात पायी, सायकलने आणि सार्वजनिक वाहनाने किती लोक पोहोचतात, याचे तीन वेगळे नकाशे काढा. खासगी मोटारीचा नकाशा काढायचा असेल तर काढा, पण निर्णय त्यावर घेऊ नका. नियमित सरावाला येणारा वर्ग मुख्यतः दहा ते अठरा वर्षांचा असतो आणि त्याच्याकडे मोटार नसते.

हा वेळ प्रत्यक्ष वापराच्या घटकेला मोजायचा असतो. दुपारच्या निवांत रस्त्यावर वीस मिनिटांत जाणारी बस संध्याकाळी पाच वाजता पन्नास मिनिटे घेते. परतीचा प्रवासही तपासा: सराव रात्री आठला संपतो, तेव्हा बस असते का, थांब्यापर्यंतच्या वाटेवर दिवे असतात का, त्या वाटेवर माणसांची वर्दळ असते का? ही वाट अंधारी आणि निर्जन असेल, तर पालक आधी मुलींना पाठवणे थांबवतात, आणि तुमच्या नकाशावरील आकडा निम्म्यावर येतो. त्या वाटेने संध्याकाळी स्वतः चालून पाहिल्याशिवाय कोणत्याही जागेला संमती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी ताकीद सर्वेक्षणाबद्दल आहे. ‘इथे स्टेडियम झाले तर तुम्ही याल का’ असे विचारले की जवळजवळ प्रत्येक जण होकार देतो, कारण होकार द्यायला काही लागत नाही. असल्या सर्वेक्षणावर एक पैसाही खर्च करू नका. त्याऐवजी आज लोक काय करतात ते मोजा: कोणत्या भागात किती नोंदणीकृत खेळाडू राहतात, कोणत्या मैदानांवर वेळ मिळवण्यासाठी रांग लागते, कोणत्या शाळांचे संघ सरावासाठी दूरवर जातात, कोणती मुले रस्त्यावर किंवा वाहनतळावर खेळतात. ज्यांना आज जागा मिळत नाही आणि तरीही जे खेळतातच, तीच तुमची खरी मागणी.

त्यानंतर वजाबाकी करा. आधीच्या एखाद्या स्टेडियमपर्यंत अर्ध्या तासात पोहोचणारी लोकसंख्या नकाशावरून काढून टाका आणि उरलेल्यांपैकी सर्वाधिक लोकांना सामावून घेईल असे ठिकाण निवडा. एक ठिकाण नक्की झाले की त्याच्या कक्षेतील लोकही वगळा, नकाशा पुन्हा काढा आणि मगच दुसरे ठिकाण पाहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळी ठिकाणे एकाच नकाशावरून एकदम निवडली, तर ती एकाच दाट लोकवस्तीभोवती गोळा होतात आणि एकमेकांचेच प्रेक्षक व खेळाडू ओढतात.

या पद्धतीत विरळ वस्तीच्या प्रदेशांचा क्रमांक कधीच लागत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर ‘प्रत्येक प्रांताला एक स्टेडियम’ हा जो तोडगा नेहमी सुचवला जातो, तो मात्र अत्यंत वाईट सल्ला आहे. त्यातून विरळ प्रदेशाला रिकामी आसने मिळतात आणि दाट वस्तीतील मुलांना रांग मिळते. दोन उद्दिष्टे वेगळी ठेवा. प्रत्येक नागरिकाला ठरावीक वेळात चांगले मैदान, धावपट्टी, दिवे आणि प्रशिक्षक मिळाला पाहिजे, हे पहिले उद्दिष्ट. मोठी प्रेक्षकक्षमता जिथे नियमित भरेल तिथेच बांधायची, हे दुसरे. २०१८ मध्ये सुमारे साडेतीन लाख लोकसंख्या असलेल्या आइसलँडने २००० पासून ठिकठिकाणी बंदिस्त फुटबॉल मैदाने आणि शाळांजवळ लहान कृत्रिम हिरवळीची मैदाने उभारली, प्रशिक्षक तयार केले, आणि त्याचा पुरुष संघ २०१६ च्या युरोपीय स्पर्धेसाठी व २०१८ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. दूरच्या प्रदेशाला न्याय द्यायचा असेल, तर त्याला हे द्यावे.

तिसरी पायरी: आसने आणि नियमित वापरकर्ता निश्चित करा

आसनांची संख्या स्थानिक संघांच्या नेहमीच्या गर्दीवरून ठरवा, आणि एखाद्या स्पर्धेसाठी जास्त लागणार असतील तर वरची भर तात्पुरत्या आसनांनी भागवा. स्टेडियम नियमितपणे वापरणारा संघ, विद्यापीठ किंवा क्रीडासंघटना कोण, हे आराखड्याआधी लेखी ठरले पाहिजे. मँचेस्टरमध्ये २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे स्टेडियम नंतर फुटबॉल संघाकडे जाणार हे आधीच ठरले होते, म्हणून स्पर्धा संपताच धावपट्टी काढून मैदान खाली खोदले गेले, तळाशी आसनांचा नवा थर बसवला गेला आणि २००३ मध्ये संघ तिथे खेळू लागला. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिक स्टेडियमबाबत मूळ कल्पना वरची पंचावन्न हजार तात्पुरती आसने काढून पंचवीस हजारांचे मैदान ठेवण्याची होती. फुटबॉल संघाला देण्याचा निर्णय बांधकामानंतर पक्का झाला आणि छप्पर व आसने बदलण्यासाठी मोठा खर्च पुन्हा करावा लागला.

चौथी पायरी: गर्दी बाहेर कशी पडेल ते मोजा

प्रेक्षक येतात ते दोन-तीन तासांत विखरून, आणि निघतात ते एकदम. त्यामुळे हिशेब निघण्याचा करायचा. ब्रिटनमधील क्रीडांगण सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत सर्वसाधारण परिस्थितीत आसनांपासून गर्दी न अडता पुढे सरकते अशा बाहेरच्या मार्गाला लागायला जास्तीत जास्त आठ मिनिटे, अशी मर्यादा आहे. परंतु खरी अडचण दाराबाहेर सुरू होते. समजा चाळीस हजारांपैकी चोवीस हजार लोक रेल्वेने जाणार आहेत, दर चार मिनिटांनी गाडी आहे आणि प्रत्येक गाडीत हजार माणसे मावतात. एका दिशेला तासाला पंधरा हजार, दोन्ही दिशांना मिळून तीस हजार, म्हणजे स्थानक रिकामे व्हायला सुमारे पन्नास मिनिटे लागतील, तेही गाड्या रिकाम्या आल्या तरच. हा हिशेब दोन तासांच्या वर गेला, तर ती जागा सोडून द्या.

यावर ‘भरपूर वाहनतळ ठेवू’ हे उत्तर ऐकू आले की आकडे पुढे करा. येण्याजाण्याची वाट धरून एका मोटारीला साधारण पंचवीस चौरस मीटर लागतात, म्हणून दहा हजार मोटारींना पंचवीस हेक्टर लागतील. फुटबॉलचे एक मैदान १०५ बाय ६८ मीटरचे असते. म्हणजे पस्तीस मैदानांएवढी जमीन केवळ मोटारी उभ्या करण्यासाठी गेली. कार्डिफचे १९९९ मधील स्टेडियम शहराच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पॅरिसजवळच्या सेंट डेनिसमधील १९९८ च्या स्टेडियमला दोन उपनगरी रेल्वेमार्गांची स्थानके आहेत. दोन्हींची क्षमता सत्तर हजारांहून अधिक आहे, आणि एवढी क्षमता अशाच ठिकाणी पेलते. रेल्वे ‘पुढे येणार आहे’ असे सांगितले गेले, तर तिच्या कामाला निधी मंजूर झाल्याचा कागद मागा.

पाचवी पायरी: आता जमीन पाहा

निवडलेल्या भागात तीन-चार जागा शोधा. मालकी निर्विवाद आहे ना, लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवता येते ना, म्हणजे संध्याकाळचे ऊन खेळाडूंच्या डोळ्यांत जाणार नाही, आणि दिव्यांचा व आवाजाचा त्रास होईल इतकी घरे जवळ नाहीत ना, ते तपासा. नदीकाठी असाल तर पूररेषा जुन्या नोंदींवरून पाहा. जानेवारी २०११ च्या पुरात ब्रिस्बेनचे लँग पार्क स्टेडियम पाण्याखाली गेले होते. जुन्या कारखान्याची किंवा कचऱ्याची जमीन चालते, मात्र मातीच्या शुद्धीकरणाचा खर्च आधी काढा. सिडनीतील २००० च्या ऑलिंपिकचे संकुल अशाच जमिनीवर उभे राहिले, आणि तिथे शुद्धीकरणाबरोबर रेल्वेही स्पर्धेआधी पोहोचवली होती.

फुकट मिळणारी जमीन या पायरीवर विचारात घ्या, त्याआधी नको. ती बहुधा शहराबाहेर असते, आणि तिच्यासाठी लागणारे रस्ते, पाणी, वीज व बससेवा यांचा खर्च दुसऱ्याच खात्याच्या अंदाजपत्रकात लपलेला असतो. तो सगळा जमिनीच्या किमतीत मिळवा आणि मग तुलना करा.

सहावी पायरी: गुण द्या, पण भारांक आधी ठरवा

कोणत्या निकषाला किती महत्त्व, हे जागांची नावे समितीसमोर येण्याआधी लिहून जाहीर करा. नावे कळल्यानंतर भारांक ठरवले, तर प्रत्येक सदस्य आपल्या पसंतीच्या जागेला अनुकूल असे महत्त्व मागतो, आणि प्रामाणिक माणसेही नकळत हेच करतात. पूर, वादग्रस्त मालकी आणि गर्दी बाहेर काढण्याची अशक्यता यांना गुण देऊच नका. त्यांत नापास झालेली जागा थेट बाद करा, नाहीतर स्वस्ताईचे गुण पुराच्या धोक्यावर मात करतात. शेवटी भारांक थोडे वरखाली करून पाहा. क्रमांक बदलत असेल, तर त्या दोन जागा समान आहेत असे अहवालात स्पष्ट लिहा.

सातवी पायरी: देखभालीची हमी घ्या

बांधकामाचा निधी मंजूर करण्याआधी पुढील तीस वर्षांची देखभाल कोण व कोणत्या उत्पन्नातून करणार, हे लेखी घ्या. मॉन्ट्रियलमधील १९७६ च्या ऑलिंपिक स्टेडियमचे कर्ज फिटायला २००६ उजाडले.

निवडलेल्या जागेबरोबर नाकारलेल्या जागाही कारणांसह प्रसिद्ध करा. पहिले स्टेडियम सुरू झाले की वर्षभर तासवार नोंद ठेवा: कोण आले, कुठून आले, कोणत्या वाहनाने आले आणि कोणत्या वेळी मैदान रिकामे राहिले. त्या नोंदी दुसऱ्या पायरीच्या नकाशाशी ताडून पाहा, जिथे अंदाज चुकला तिथले प्रवासवेळ दुरुस्त करा, आणि पुढच्या स्टेडियमची जागा त्या दुरुस्त नकाशावरून निवडा.